अप्पाचं तोंड

महादेवप्पा वारला आणि त्यानंतर पार्वतीबाईला झोप लागायला लागली, ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. सांगण्यासारखी नव्हतीच ती. महादेवप्पाचं नाव मोठं होतं. मन्नाएखेळ्ळीच्या अलीकडं हमरस्त्याला लागून त्याची जमीन, बसवकल्याणच्या अडतीत त्याच्या शब्दाला वजन, गावच्या शाळेला त्यानंच जागा दिलेली. माणसं रस्त्यात थांबून त्याला वाकायची. त्यानं आवाज चढवलेला गावात कुणी ऐकला नव्हता.

घरातही त्यानं आवाज चढवला नाही. खालचा ओठ तेवढा आत घ्यायचा आणि दाताखाली धरायचा. ओठ आत गेला की पार्वतीबाईवर हात उठायचा. भाकरी करपली, पाव्हण्यापुढं ती दोन शब्द जास्त बोलली, माहेरचं माणूस आलं, कारण काहीही चालायचं. लग्न होऊन आल्यापासून ती नवऱ्याच्या डोळ्यांकडं कधी बघत नसे. आधी ओठ बघायची.

त्यांच्यातल्या रिवाजाप्रमाणं त्याला बसवून पुरलं होतं, त्याच्याच शेतात, विहिरीजवळच्या लिंबाखाली. विभूती फासलेला, गळ्यात हार, मांडी घातलेला. बाया मागं सरकल्या तरी पार्वतीबाई खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. लोकांना वाटलं, केवढी माया. तिला फक्त त्याचं तोंड मातीखाली जाताना बघायचं होतं. मीठ पडलं, माती पडली, हनुवटी गेली, ओठ गेला, कपाळ गेलं, तेव्हा कुठं ती घराकडं वळली.

वर्ष होत आलं तसा वीरेश, तिचा एकुलता एक मुलगा, एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "अव्वा, अप्पाच्या समाधीवर पुतळा बसवू. छातीपस्तोर. आळंदला एका हेडमास्तराचा बघून आलो मी. अगं, नुसतं बोलायचं बाकी हाय!"

पार्वतीबाईच्या हातातला घास हातातच राहिला. "कामून रे? समाधी हाय की. नंदी बसव."

"नंदी समदेच बसवत्यात. अप्पा काय समद्यांसारखे होते व्हय?"

पार्वतीबाईनं घास परत ताटात ठेवला.

पुतळा करणारी बाई कडगंचीची, ज्योत्स्ना तिचं नाव. कलबुर्गीत मूर्तिकला शिकलेली. तिशी ओलांडलेली, बोटांची नखं बोडकी, गळ्यात बारक्या साखळीत बुद्ध. ती बसनं यायची आणि दिवस उतरायच्या आत बसनं जायची. घरामागं तुरीची पोती ठेवायची पत्र्याची खोली होती, ती वीरेशनं तिला रिकामी करून दिली. तिनं खिडकीचा उजेड बघितला, फिरता पाट मांडला, लोखंडी सळीला तारा गुंडाळून डोक्या-छातीएवढा सांगाडा केला. तो बघून पार्वतीबाईला फारसं काही वाटलं नाही. पिंजऱ्यासारखा दिसत होता.

मातीवरून मात्र पहिल्याच दिवशी खटका उडाला.

"माती आपल्याच शेतातली घ्या मॅडम," वीरेश म्हणाला. "अप्पाची माती, अप्पाचं तोंड."

"वीरेशअण्णा, ही काळी माती हाय. ओली असताना लोण्यावाणी लागती, वाळली की फाटती. उन्हाळ्यात शेतात भेगंत पाय जातो, तुमीच बघताव की. तळ्याची चिक्कण माती आणू द्या मला. न्हाईतर तेलातली आणते, ती वाळतच न्हाई."

"न्हाई. हीच."

आणि त्यानं गडी लावून माती आणली ती विहिरीजवळची. लिंबाखालची. समाधीच्या कडेची.

ज्योत्स्नानं ती भिजवली, फडक्यातून गाळली, बारीक वाळू घालून मळली, तिंबली. पार्वतीबाई दारातून बघत होती. ज्या मातीखाली ते तोंड गेलेलं तिनं डोळ्यांनी बघितलं होतं, ती माती घरात आली होती आणि तिच्यातून तेच तोंड परत वर यायला लागलं होतं. आधी कपाळ. मग नाकाचा बांध. मग हनुवटी. ज्या क्रमानं गेलं त्याच्या उलट.

"मावशी," जाताना ज्योत्स्ना म्हणाली, "एवढं काम तुमच्याकडं. हे फडकं ओलं ऱ्हायला पायजे. दुपारी एकदा, सांजच्याला एकदा पाणी मारायचं. वाळू द्यायचं न्हाई."

पार्वतीबाईनं मान हलवली. वीरेश दुकानाला गेला की घरात ती एकटीच. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. पहिल्या दुपारी ती तांब्या घेऊन खोलीत गेली. ओलं फडकं डोक्याला चिकटलं होतं. नाक वर आलेलं, डोळ्यांच्या जागी खळगे, तोंडाच्या जागी कापड जरासं आत गेलेलं. आत गेलेलंच होतं, की तिला वाटलं? तिनं लांबूनच पाणी फेकलं आणि पळत बाहेर आली. संध्याकाळी तसंच केलं. दुसऱ्या दिवशीही. मग ज्योत्स्नाच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, खोलीचं दार उघडता उघडता तिला वाटलं, फडक्याखालून कुणी श्वास घेतला. वारा असेल. पत्रा असेल. तिनं दार लावून घेतलं, वरून कडी घातली आणि त्या दिवशी पुन्हा तिकडं गेली नाही.

सकाळी ज्योत्स्नानं फडकं काढलं तेव्हा ते वाळून कडक झालं होतं. भुवईपासून गालापर्यंत एक भेग गेली होती, बोट जाईल एवढी. कान सुटून खाली पडला होता.

वीरेश धावत आला. "काय झालं हे? पाणी मारलं न्हाई का कुणी?"

पार्वतीबाई भिंतीला टेकली. आता हा विचारील, आता याचा आवाज बापासारखा खाली जाईल. तिनं नकळत दोन्ही हात पोटाशी घेतले.

ज्योत्स्नानं हातातलं कडक फडकं बघितलं, पार्वतीबाईकडं बघितलं, आणि फडकं बादलीत टाकलं. "मी म्हणलं होतं ना अण्णा, माती तसलीच हाय. पाणी मारा न्हाईतर काय करा. हिचा धर्म फाटायचा."

वीरेशनं भेगेत बोट घालून बघितलं. "मग आणा तुमची तेलातली."

तेलमाती बसच्या टपावरून खोक्यात आली. साबणाच्या मोठ्या वड्यांसारख्या करड्या लाद्या, वास थोडा मेणाचा, थोडा यंत्राच्या तेलाचा. ज्योत्स्नानं पार्वतीबाईला हाताशी बसवून सांगितलं, "हिच्यात पाणीच न्हाई मावशी. मेण आन् तेल. वाळत न्हाई, फाटत न्हाई, पाणी मारायची कटकट न्हाई. स्वस्तातलीच्यात गंधक असतंय, त्यानं पुढं पितळंसाठी काढायचा रबराचा साचा नीट धरत न्हाई. ही बिनगंधकाची हाय."

"कवाच वाळत न्हाई?"

"कवाच न्हाई. वर्षानं बी बोट दाबलं तर दबतंय."

तिनं ते धीर यावा म्हणून सांगितलं होतं. पार्वतीबाईला उलटंच वाटलं. न वाळणारं म्हणजे न संपणारं.

ज्योत्स्नानं या तेलमातीतली मऊ जात आधी घेतली, भरभर चढते म्हणून. डोकं पुन्हा उभं राहिलं, या वेळी अधिक नेमकं. गालफडं, कपाळावरची आडवी आठी, कानाची जाड पाळ. पार्वतीबाई चहा घेऊन गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण घरातला स्टीलचा पेला आणलाय. मालक असता तर या पोरीला गोठ्याजवळ ठेवलेल्या कपात चहा मिळाला असता, आणि तोही वरून ओतून. तिनं पेला ज्योत्स्नाच्या हातात दिला आणि तिची नजर आपोआप त्या डोक्याकडं गेली. बघतोय का?

ज्योत्स्नाच्या ते ध्यानात आलं. तिनं पाट फिरवला. तोंड भिंतीकडं झालं. मग दोघी चहा प्यायल्या.

पण वैशाखाचं ऊन. पत्रा तापून दुपारी खोलीची भट्टी व्हायची. एका दुपारी ज्योत्स्ना हात धुवायला आडाकडं गेली होती. पार्वतीबाई ताक घेऊन खोलीत आली आणि उंबऱ्यातच थिजली.

डोक्यानं तोंड उघडलं होतं.

खालचा जबडा ओघळून छातीकडं आला होता. डोळ्यांखालची कातडी ओढली गेली होती आणि तोंडाच्या जागी लांबट, काळी पोकळी पडली होती, आतली तार दाताच्या रांगेसारखी चकाकत होती. पार्वतीबाईला बोलणं नाही, शिवी नाही, एक जुनी गोष्ट ऐकू आली: हात उठायच्या आधी त्याच्या नाकातून निघणारा तो बारीक श्वास. ती मागं फिरली, पेला पडला, पाय ताकात घसरला आणि ती दारातच आडवी झाली.

ज्योत्स्ना ओल्या हातानं धावत आली. तिला उठवून परसातल्या सावलीत नेऊन बसवलं. गुडघा खरचटला होता. पार्वतीबाईनं तिचं मनगट धरलं.

"तोंड उघडलं त्यानं. मला बलवायला उघडलं."

"मावशी, ऊन लागलं त्याला. मऊ माती ही, थंड मुलखाची. चूक माझी हाय. कडकच माती घ्यायला पायजे होती मी पहिल्यापसून."

"न्हाई पोरी. तू न्हाई वळखत त्याला."

ज्योत्स्ना तिच्या गुडघ्यावर पाणी घालत राहिली. मग तिनं विचारलं, "मावशी, तुमी त्यांना भेताव?"

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आईनं नाही, लेकानं नाही. पार्वतीबाईनं पदर तोंडात कोंबला. तेवढं उत्तर ज्योत्स्नाला पुरलं असावं.

तिनं मऊ माती सगळी उतरवली आणि कडक माती आणली. ही माती गार असताना दगडासारखी. ज्योत्स्ना तिच्या चकत्या करून ताटलीत उन्हात ठेवायची, नरम झाल्या की बोटानं सांगाड्यावर दाबायची, आणि सावलीत त्या पुन्हा घट्ट व्हायच्या. हिच्यावर सुई ओढली तरी रेघ तशीच राहायची. पापणीची कड, नाकपुडीची सुरकुती, हनुवटीवरचा विळ्याचा जुना वण, सगळं हिनं धरून ठेवलं. ओघळणं नाही, फाटणं नाही. पार्वतीबाईला वाटलं, मालक आता पक्का बसला.

राहिलं होतं तोंड. फोटो सगळे समारंभातले, सगळ्यांत हार हनुवटीपर्यंत, नाहीतर ओठ मिशीच्या सावलीत.

"मावशी, ओठ कसे होते?" ज्योत्स्नानं विचारलं.

पार्वतीबाईनं खोटं सांगितलं. "हसरे होते. गोड बोलायचे समद्यांशी."

ज्योत्स्नानं हसरे ओठ केले. पण ते त्या चेहऱ्यावर बसेनात. वरून डोळे एक सांगायचे, खालून तोंड दुसरंच. ज्योत्स्ना मान वाकडी करून बघायची, काढायची, पुन्हा लावायची. पार्वतीबाई जवळ बसून म्हणायची, "आस्संच. आस्संच होते." आणि आपला आवाज कापतोय हे तिचं तिलाच ऐकू यायचं.

रविवारी वीरेश बघायला आला. दाराशी थांबला, जवळ गेला, एक फेरी मारली.

"हे अप्पा न्हाईत."

"कामून?" ज्योत्स्ना म्हणाली.

"अप्पा असे हसत नव्हते. कुणी सांगितलं तुमाला?"

ज्योत्स्नानं पार्वतीबाईचं नाव घेतलं नाही. "फोटोत दिसत न्हाई अण्णा. कसं असायचं ते मला सांगा."

"सांगून कळायचं न्हाई. बघा, असं." आणि वीरेशनं खालचा ओठ आत घेतला, दाताखाली धरला, डावी भुवई जराशी वर नेली.

पार्वतीबाई खोलीच्या कोपऱ्यात होती. तिच्या लेकाच्या धडावर तिच्या नवऱ्याचं तोंड होतं. तिच्या तोंडून एक बारीक किंकाळी निघाली, पण कुणाचं लक्ष गेलं नाही. ज्योत्स्ना कोरणी घेऊन कामाला लागली होती. "हलू नका अण्णा. तसंच धरा."

कडक माती. तिनं हसरा ओठ कापून काढला, चकती गरम करून लावली, अंगठ्यानं आत ढकलली, वरच्या दाताची कड कोरली, ओठाच्या कोपऱ्यात सुईनं दोन सुरकुत्या ओढल्या. तिचा हात आता अडत नव्हता. डोळे आणि तोंड एक झाले. सगळा चेहरा आपल्या जागी आला.

"बघा," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

वीरेशनं ओठ सोडला. बघितलं. आणि एक पाऊल मागं आला. मग आणखी एक. त्याची पाठ भिंतीला लागली. केवढा मोठा बाप्या, खांद्यावरून तुरीचं पोतं उचलणारा, पण त्याचे डोळे लहान पोराचे झाले. कपाळावर घाम डबडबला. त्यानं दाराची चौकट चाचपली आणि बाहेर निघून गेला.

पार्वतीबाईला कळेना काय झालं. मग कळलं, हाही भ्यालाय, आणि तिला त्या डोक्याजवळ राहवेना. ती लेकाच्या मागं गेली. वीरेश आडाच्या कट्ट्यावर बसला होता. तोंडावर पाणी मारून घेत होता, पुन्हा पुन्हा.

"वीरू."

"काय न्हाई अव्वा. ऊन लागलं."

"तुला बी भ्या वाटायलंय?"

त्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "पोत्यांच्या मागं बसायचो मी. त्याच खोलीत. तू रडत नव्हतीस, म्हणून मी बी रडत नव्हतो. कानात बोटं घालून बसायचो. अप्पा दारात येऊन उभे ऱ्हायचे, आन् असंच तोंड करून पोत्यांकडं बघायचे."

"मला वाटायचं तुला कायबी ठावं न्हाई."

"मला वाटायचं, तू इसरलीस. समदे म्हणायचे, पार्वतीबाईनं सुखाचा संसार केला."

"मग पुतळा कामून मांडलास रे?"

वीरेशनं हात झटकले. "लोक इचारायलेत. धोंडप्पाकाका दर हप्त्याला इचारतोय, बापाचा पुतळा कवा बसवायलास. आन् मला वाटलं, पितळंचा झाला, बाहेर शेतात बसला, की घरातून जाईल." त्यानं खोलीकडं बघितलं. "आता त्याच तोंडाखालून मला रोज शेताला जावं लागंल."

पार्वतीबाई उठली. ती खोलीकडं चालली. का चालली हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. स्वतःसाठी तिनं ते केलं नसतं. पोत्यांमागं कानात बोटं घातलेलं पोर तिला दिसत होतं.

ज्योत्स्ना पाटाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. खिडकी आडाच्याच बाजूला होती.

"पोरी, हे निघंल का?"

"कंचं?"

पार्वतीबाईनं लांबूनच बोट दाखवलं. ओठाजवळ बोट न्यायची पण तिची छाती होईना.

"निघंल की. कवा बी निघंल. तुमी काढताव?"

"मी?"

"कडक झालीय आता. जरा ऊब द्यावी लागंल." ज्योत्स्नानं पितळी वाटी गरम पाण्यातून काढली, पुसली, ओठाला टेकवून धरली आणि बाजूला झाली. "आता लावा हात."

एवढ्या संसारात पार्वतीबाईनं नवऱ्याच्या तोंडाला आपणहून हात लावला नव्हता. तिनं डोळे मिटले. बोट लागलं तेव्हा ते कोमट होतं, माणसाच्या कातड्याएवढं कोमट, आणि तिला वाटलं आता चावणार. तिनं हात ओढून घेतला. मग पुन्हा पुढं केला. नख घातलं. माती लोण्यासारखी निघाली. तिनं ओठ ओरबाडून काढला, सुरकुत्या काढल्या, भुवईचं टोक दाबून खाली बसवलं, आणि ती थांबेना. ती रडत होती आणि काढत होती, आणि तोंडाच्या जागी नुसता खड्डा राहिला तेव्हा ज्योत्स्नानं तिचं मनगट हलकेच धरलं.

"बास मावशी. बाकीचं मी करते."

दारात वीरेश उभा होता.

ज्योत्स्नानं नंतर जे तोंड केलं ते मिटलेलं, साधं. रागाचं नाही, मायेचंही नाही. मायेचं करू नकोस, असं पार्वतीबाईनंच तिला बजावलं होतं. बस चुकलेल्या माणसाचं असावं तसं तोंड. कुणाचं म्हणून विचारलं असतं तर तिघांपैकी कुणालाही सांगता आलं नसतं. साचा निघाला, पितळ ओतलं गेलं.

वर्षाच्या दिवशी समाधीजवळ मांडव पडला. अडतीतले आले, शाळेचे मास्तर आले. वीरेश कापड काढायला लागला तशी पार्वतीबाईची नजर ओठाच्या जागेवर गेली. ओतताना काही बदललं असलं तर? आत दडलेलं काही पितळेतून वर आलं असलं तर?

धोंडप्पा, महादेवप्पाचा धाकटा भाऊ, काठी टेकत पुढं आला. वर बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझा अण्णा," तो म्हणाला. "हुबेहूब गं, वैनी. तस्साच बसलाय."

माणसांनी माना डोलावल्या. हुबेहूब, हुबेहूब. वीरेशनं आईकडं बघितलं, आईनं वीरेशकडं. दोघांनी नजर खाली घेतली.

हार घालायला तिला पुढं केलं. हार एका कानाला अडकला, वीरेशनं सारखा केला. मग लोक पंगतीला गेले. ज्योत्स्ना मांडवाच्या कडेला एकटी उभी होती. पार्वतीबाईनं तिला हाक मारली, दोन पत्रावळी घेतल्या आणि समाधीच्या कट्ट्यावरच टेकली, कारण सावली तिथंच होती.

"हितं बसायचं?" ज्योत्स्नानं विचारलं.

"बस."

तो मागं होता. पार्वतीबाईच्या मानेवर काटा आला होता आणि जात नव्हता. घास गिळताना तिला वाटत होतं, आता मागून तो बारीक श्वास येईल. लिंबाचा पाला हलला तरी ती दचकत होती. पण तिनं मान वळवली नाही. गव्हाच्या गोड हुग्गीचा दुसरा घास घेतला, पोरीच्या पत्रावळीत आपल्यातली भजी टाकली, आणि पंगत उठेपर्यंत त्याच्याकडं पाठ करून बसून राहिली.